दोन व्हिकरांच्या मधला काळ : वॉटफर्डच्या सेंट मेरी चर्चचा इतिहास

इंग्लंडातल्या जुन्या पॅरिश चर्चचा इतिहास लिहायला बसणाऱ्याच्या हाती बहुधा सर्वांत आधी व्हिकरांची, म्हणजे पॅरिशच्या पाळकांची, यादी पडते. नाव, आल्याचे साल, गेल्याचे साल. मग पुढचे नाव. यादी खरी असते, पण तिच्यामुळे एक गैरसमज पक्का होतो. चर्चचे आयुष्य म्हणजे व्हिकरांच्या कारकिर्दींची बेरीज, आणि एक गेल्यापासून दुसरा येईपर्यंतचा काळ म्हणजे नुसते ताटकळणे, असे वाचणाऱ्याला वाटू लागते. वॉटफर्डच्या सेंट मेरी चर्चला जवळजवळ आठशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो यादी बाजूला ठेवून पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. या चर्चचे जे काही टिकले त्यातले बरेचसे यादीत नसलेल्या माणसांनी टिकवले. पाळक गेल्यावर मंडळी किती लवकर सावरते, हे जाणारा पाळक किती मोठा होता यावर ठरत नाही. तो असताना रोजची कामे कोणाच्या हाती होती, यावर ते ठरते. हे म्हणणे सेंट मेरीच्या इतिहासावर घासून पाहायचे आहे, आणि त्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांनाही उत्तर द्यायचे आहे.

हाय स्ट्रीटला लागून उभ्या असलेल्या या चर्चचा सर्वांत जुना भाग १२३० च्या सुमाराचा. त्या काळी वॉटफर्डवर सेंट ऑल्बन्सच्या मठाची सत्ता होती. बाजार मठाचा, चर्चही मठाचे. १५३९ मध्ये, आठव्या हेन्रीच्या राजवटीत, तो मठच बरखास्त झाला. व्हिकर नेमणारी संस्था नाहीशी झाली, तरी वॉटफर्डच्या लोकांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने त्याच चर्चमध्ये होत राहिली. पुढच्या दीड-पावणेदोन शतकांत चर्चच्या आवारात आणि आसपास काय काय उभे राहिले तेही पाहण्यासारखे आहे. १५८० मध्ये बेडफर्डच्या अर्ल दांपत्याने गरीब स्त्रियांसाठी निवारागृहे बांधली. १५९५ मध्ये बेडफर्डची काउंटेस ब्रिजेट हिने चर्चला लागून आपल्या मॉरिसन घराण्याचे चॅपेल उभारले. निकोलस स्टोनने घडवलेली मॉरिसन पितापुत्रांची संगमरवरी स्मारके त्यातच आहेत. १७०४ मध्ये एलिझाबेथ फुलर या बाईंनी चर्चच्या अंगणाशेजारी गरीब मुलामुलींसाठी मोफत शाळा काढली. वॉटफर्डमध्ये राहणाऱ्या भारतीय पालकांना ज्या दोन ग्रामर स्कूलची नावे तोंडपाठ असतात, त्यांचे मूळ या शाळेच्या धर्मादाय निधीपर्यंत जाते. निवारागृहे आणि फुलरबाईंच्या शाळेची इमारत आजही उभी आहे. ही सगळी कामे करणाऱ्यांत एकही व्हिकर नाही, आणि त्यांत स्त्रियांचा वाटा ठळक आहे. ज्या काळात स्त्रीला चर्चच्या वेदीपाशी उभे राहण्याचा अधिकार नव्हता, त्या काळात चर्चभोवतीच्या सर्वांत टिकाऊ गोष्टी स्त्रियांनी उभ्या केल्या. सेंट मेरीच्या कोणत्याही स्मरणिकेत हे पहिल्या पानावर यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

व्हिकर निघून जाण्याची या चर्चमधली सर्वांत नाट्यमय घटना सतराव्या शतकातली. कॉर्नेलियस बर्जेस १६१८ मध्ये वॉटफर्डचे व्हिकर झाले. ते विद्वान होते, प्युरिटन मताचे होते आणि राजकारणात ओढले गेले होते. लंडनमधल्या सेंट मॅग्नस चर्चचीही जबाबदारी त्यांच्याकडे होती, त्यामुळे वॉटफर्डला त्यांचा किती वेळ मिळत असेल हा प्रश्नच आहे. राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटल्यावर ते पार्लमेंटच्या बाजूने पुढे आले आणि १६४३ मध्ये चर्चची नवी घडी बसवण्यासाठी बसलेल्या वेस्टमिन्स्टर सभेचे एक प्रमुख पदाधिकारी झाले. १६४५ च्या सुमाराला त्यांनी वॉटफर्ड सोडले आणि फिलिप गुडविन त्यांच्या जागी आले. पण त्याच वर्षी मंडळीने गमावले ते केवळ व्हिकर नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या वापरातले सामान्य प्रार्थनेचे पुस्तकही पार्लमेंटने बंद केले. लोकांना पाठ असलेल्या प्रार्थना गेल्या, सणवार गेले, आणि समोर उभा असलेला माणूसही नवा. पुढे १६६० मध्ये राजा परतला, गुडविन यांनाही पद सोडावे लागले, आणि १६६२ मध्ये प्रार्थनेचे पुस्तक कायद्याने परत आले. सतरा वर्षांत उपासनेची पद्धत दोनदा उलटीपालटी झाली. या सगळ्यात जागेवर राहिले ते चर्चवॉर्डन (चर्चचे कारभारी), कारकून, घंटा वाजवणारे आणि बाकांवर बसणारे लोक. बर्जेस यांचा शेवट मात्र करुण झाला. जप्त झालेल्या बिशपांच्या जमिनी त्यांनी विकत घेतल्या होत्या. राजा परतताच त्या गेल्या. उतारवयात ते वॉटफर्डलाच परतले, पोटासाठी त्यांना पुस्तके विकावी लागली, आणि जून १६६५ मध्ये त्यांना त्यांच्याच जुन्या चर्चमध्ये मूठमाती मिळाली. पदावर नसलेल्या, हरलेल्या बाजूच्या माणसाला त्याच्या पॅरिशने जागा दिली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मंडळीचे नाते पदापलीकडचे असू शकते, याचा यापेक्षा चांगला पुरावा शोधावा लागणार नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. कोणी म्हणेल, हे अपवादात्मक काळाचे झाले. एरवी मंडळीचे भले दीर्घकाळ टिकणाऱ्या व्हिकरानेच होते. घर बसते, ओळखी वाढतात, लेकरांचे बाप्तिस्मे करणारा माणूसच पुढे त्यांची लग्ने लावतो. यात तथ्य आहे. तथापि नुसता दीर्घ कार्यकाळ म्हणजे सेवा नव्हे, हे सेंट मेरीएवढे क्वचितच कुठे स्पष्ट दिसेल. विल्यम कॅपल १७९९ मध्ये वॉटफर्डचे व्हिकर झाले आणि १८५४ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षे, त्या पदावर राहिले. ते कॅशियोबरीच्या एसेक्स अर्ल घराण्यातले होते. क्रिकेट आणि कोल्ह्याची शिकार यांचा त्यांना अतोनात नाद. शिकारी कुत्र्यांसह ते आपल्याच सावत्र भावाच्या, म्हणजे अर्लच्या, जमिनीत घुसत. अर्लने त्यांच्यावर खटला भरला आणि १८०९ मध्ये तो जिंकला. शिकारीच्या नावाखाली दुसऱ्याच्या जमिनीत शिरता येत नाही, हा दंडक त्या खटल्याने घालून दिला. पुढे लंडनचे बिशप ब्लॉमफील्ड यांच्या मते वॉटफर्डमधली धर्मकर्तव्ये नीट पार पडत नव्हती, म्हणून त्यांनी कॅपल यांना आणखी एक क्युरेट, म्हणजे मदतनीस पाळक, नेमण्याचा हुकूम दिला. कॅपल यांनी तो मानला नाही आणि प्रकरण न्यायालयात गेले. १८३२ मध्ये एक्स्चेकर न्यायालयाने कॅपल यांच्या बाजूने कौल दिला: ज्याच्यावर कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका ठेवायचा, त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी आधी दिली पाहिजे. ‘कॅपल विरुद्ध चाइल्ड’ हा निकाल नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वासाठी कायद्याच्या पुस्तकांत आजही उल्लेखला जातो. तत्त्व योग्यच होते, यात वाद नाही. प्रश्न वॉटफर्डच्या लोकांचा आहे. कागदोपत्री त्यांच्या चर्चमध्ये पंचावन्न वर्षे एक दिवसही जागा रिकामी नव्हती. यादीतली ती सर्वांत अखंड ओळ आहे, आणि त्याच काळाबद्दल बिशपांची तक्रार आहे की इथे सेवा होत नाही. मंडळी पोरकी होण्यासाठी पाळक जावाच लागतो असे नाही.

कॅपल यांच्याच काळात गाव बदलत होते. १८३७ मध्ये लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे आली. १८०१ च्या जनगणनेतले साडेतीन हजारांचे गाव १८५१ मध्ये साडेसहा हजारांवर आणि १९०१ मध्ये एकोणतीस हजारांवर गेले. रेल्वेच्या बाजूची नवी वस्ती सामावण्यासाठी वास्तुकार टेउलन यांच्या आराखड्यावरून सेंट अँड्र्यूज चर्च १८५७ पर्यंत बांधून झाले. सेंट मेरीची डागडुजी १८७१ मध्ये झाली, १८७७ मध्ये सेंट ऑल्बन्सचा नवा धर्मप्रांत स्थापन झाला, आणि १८९३ मध्ये सटन रोडवर सेंट जॉन्स आले. एका चर्चच्या पोटातून इतकी चर्चे निघाली की सेंट मेरीच्या मंडळीला आपली माणसे सोडून देण्याची सवय लागलेली असावी.

चर्च ऑफ इंग्लंडचा आजचा कायदा या मधल्या काळाला फार गांभीर्याने घेतो, आणि त्याची रचना माहीत नसल्याने पुष्कळ गैरसमज होतात. व्हिकर निवृत्त झाला किंवा दुसरीकडे गेला की पॅरिशची मिळकत आणि उपासनेची व्यवस्था चर्चवॉर्डन आणि रूरल डीन (आसपासच्या पॅरिशांवर देखरेख ठेवणारा पाळक) यांच्या हाती येते. चर्चवॉर्डन दर वर्षी निवडले जातात आणि त्या सभेत मत देण्याचा हक्क चर्चच्या सभासदांपुरता मर्यादित नाही. पॅरिशमध्ये राहणाऱ्या, मतदार यादीत नाव असलेल्या कोणालाही तो आहे. १९८६ च्या पेट्रनेज कायद्यानुसार जागा रिकामी झाल्याची सूचना मिळाल्यावर चर्चची परिषद ठरावीक मुदतीत बसते, पॅरिशची परिस्थिती, गरजा आणि परंपरा सांगणारे निवेदन तयार करते आणि निदान दोन प्रतिनिधी निवडते. नव्या माणसाच्या नेमणुकीला या प्रतिनिधींची संमती लागते. आणखी एक तरतूद लक्षात घेण्याजोगी आहे: जाणारा व्हिकर आणि त्याची पत्नी किंवा पती यांना त्या सभेत बसता येत नाही. वरवर हे कठोर वाटते. ज्याने वर्षानुवर्षे मंडळीची सेवा केली त्यालाच दाराबाहेर ठेवायचे? पण कायदा करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता. जाणाऱ्याच्या देखत कोणी मोकळे बोलत नाही. काय राहून गेले, काय नको होते, पुढे काय हवे, हे मंडळीला आपसांतच बोलावे लागते. जुन्या पाळकाने उत्तराधिकाऱ्याच्या निमंत्रणावाचून जुन्या पॅरिशमध्ये लग्न-बाप्तिस्म्यासाठी जाऊ नये, हा संकेतही याच जाणिवेतून आलेला आहे. आपल्याकडे वसईत किंवा नगरमध्ये ‘लग्नाला आमचे जुने फादरच हवेत’, ‘आमचे आधीचे पाळकसाहेबच येतील’ असा हट्ट प्रेमापोटी धरला जातो. त्या प्रेमाची किंमत नव्याने आलेल्याला मोजावी लागते, एवढे तरी ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो श्रद्धेचा आहे. सामान्य माणसांनी हिशेब सांभाळले, प्रार्थना चालवली, आजाऱ्यांची विचारपूस केली, तरी प्रभुभोजनाचा विधी दीक्षित पाळकाशिवाय होत नाही; मग मंडळीने आपल्या पायांवर उभे राहण्याच्या गोष्टी किती ताणायच्या? अँग्लिकन आणि कॅथलिक परंपरेत हे पूर्णपणे खरे आहे आणि त्याला वळसा घालून चालणार नाही. वेस्टमिन्स्टर कॅथीड्रल बांधणाऱ्या बेंटली यांनीच उभारलेल्या, १८९० मध्ये खुल्या झालेल्या वॉटफर्डच्या होली रूड चर्चमध्ये धर्मगुरू बिशप पाठवतात. लोकांनी निवड करायची नसते आणि मिस्सा धर्मगुरूशिवाय होत नाही. १७०७ पासून चालत आलेल्या बीचन ग्रोव्हच्या बाप्टिस्ट मंडळीत मात्र सभासदांची सभाच पाळकाला बोलावते. एकाच गावात तीन पद्धती. पण तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. विधी करणारा बाहेरून, शेजारच्या पॅरिशमधून, रविवारपुरता आणता येतो. घर ओळखणारा माणूस बाहेरून आणता येत नाही. कोणाच्या घरी दुखणे आहे, कोण महिनाभर दिसले नाही, शाळेतली कोणती मुले रविवारी येतात, ही माहिती मंडळीतच असावी लागते. पाळकाची गरज नाकारण्याचा प्रश्नच नाही. मुद्दा एवढाच आहे की पाळकाचे काम कोणते आणि मंडळीचे कोणते, हे तो असतानाच वेगळे दिसत राहिले पाहिजे.

मराठी वाचकाला याचे आपले उदाहरण दूर शोधायला नको. अमेरिकन मराठी मिशनचे हेन्री बॅलंटाइन १८३५ पासून अहमदनगरात (आताचे अहिल्यानगर) होते. मराठी उपासनेतल्या कितीतरी गीतांवर त्यांचा हात फिरला आहे. १८६५ मध्ये मायदेशी जाताना ते समुद्रातच वारले. तीस वर्षे ज्यांच्याकडे पाहून मंडळी चालली, ते असे गेल्यावर ती मोडून पडायला हवी होती. ती मोडली नाही, कारण अकरा वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये, हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळालेली होती. त्या काळी त्यावर शंका घेणारे होते: इतक्या तरुण मंडळ्यांना देशी पाळक झेपतील का, पैसा कोण देईल, शिस्त राहील का. मंडळ्यांनी आपले पाळक, आपला खर्च आणि आपला कारभार सांभाळावा असा आग्रह मिशनच्या अमेरिकेतल्या मुख्यालयातूनही धरला जात होता. मिशनऱ्यांच्या हयातीतच जबाबदारी वाटली गेली, म्हणून वियोगाचा घाव बसला तरी मंडळीचा कणा शाबूत राहिला. वॉटफर्ड आणि नगर यांची परिस्थिती सारखी नव्हती. एकीकडे शतकानुशतकांची राजमान्य संस्था, दुसरीकडे घरदार तोडून आलेल्या मूठभरांची नवी मंडळी. तरीही दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघतो, म्हणून त्याला वजन आहे.

उलट उदाहरणही वॉटफर्डमध्येच घडले आणि ते अलीकडचे आहे. १९९३ मध्ये तरुणांसाठी सुरू झालेली सोल सर्व्हायव्हर ही मंडळी तिच्या उन्हाळी मेळाव्यांमुळे जगभर ओळखली गेली. तिथे रचलेली गीते अनेक देशांत गायली गेली. मेळावे २०१९ मध्ये थांबले. २०२३ मध्ये संस्थापकांच्या वर्तनाबद्दल गंभीर तक्रारी पुढे आल्या, जुलैमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि सप्टेंबरमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या चौकशीने त्या तक्रारींत तथ्य असल्याचे जाहीर केले. विश्वस्तांनी मागवलेला स्वतंत्र अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हे जाणे सेंट मेरीतल्या कोणत्याही निरोप समारंभासारखे नव्हते. इथे आधी ऐकायला हवे होते ते दुखावलेल्यांचे, आणि मंडळीच्या सावरण्याचा विचार त्यानंतरचा. म्हणून या प्रकरणाचा उपयोग कोणाला हिणवण्यासाठी करणे चुकीचे ठरेल. पण एका माणसाच्या प्रतिभेभोवती उभ्या राहिलेल्या मंडळीत त्याला प्रश्न विचारणारी माणसे कुठून यायची, ही अडचण त्यातून लख्ख दिसते. चर्चवॉर्डन हे जुनाट वाटणारे पद नेमके यासाठी असते: व्हिकरचा मान राखायचा आणि गरज पडली तर बिशपला कळवायचेही.

इथे कोणी म्हणेल, वॉर्डनांचे कौतुक पुरे. व्हिकर नसताना हेच लोक गढीचे मालक होऊन बसतात आणि नव्या पाळकाला पहिल्याच वर्षी नामोहरम करतात. असे घडते, आणि मराठी मंडळ्यांतल्या पंच कमिटीच्या भांडणांची ज्याला कल्पना आहे त्याला हे पटवून द्यायची गरज नाही. उपाय मात्र लोकांकडून काम काढून घेण्यात नाही. दर वर्षीची निवड खरोखर व्हावी, तीच ती नावे बिनविरोध येत राहू नयेत, हिशेब सर्वांसमोर मांडले जावेत, एवढे केले तरी दुखण्याचा बराच भाग बरा होतो.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. मंडळी स्वतः सगळे चालवते असे वारंवार म्हटले की धर्मप्रांताला पाळक न पाठवण्याचे कारण सापडते. कायद्याने बिशपला नेमणुकीचा हक्क काही काळ, एका वेळी पाच वर्षांपर्यंत, स्थगित ठेवता येतो. दोन-तीन पॅरिश जोडून एकच व्हिकर देण्याचा विचार पुष्कळदा या मार्गाने पुढे सरकतो. नोकरी आणि संसार सांभाळून रविवारची तयारी करणारे, घंटेपासून गटारापर्यंत सगळे पाहणारे स्वयंसेवक वर्षा-दीड वर्षात थकतात, आणि त्यांच्या थकव्याची नोंद कोणत्याही यादीत होत नाही. म्हणून मंडळीच्या सामर्थ्याची गोष्ट सांगताना तिच्या मर्यादाही आकड्यांसह लिहिल्या पाहिजेत: किती उपासना बाहेरच्या पाळकांनी घेतल्या, किती रद्द झाल्या, किती घरांना भेट देता आली नाही. नेमणुकीपूर्वी परिषद जे निवेदन तयार करते त्यात हे सारे यायला हवे. आज त्या निवेदनाकडे जाहिरातीसारखे पाहिले जाते. छान छायाचित्रे, गावातल्या शाळांचे वर्णन, लंडनला किती मिनिटांत पोहोचता येते याचा उल्लेख. नवा व्हिकर आला की ते कपाटात जाते आणि पुढे हरवते. चर्चच्या नोंदवह्या हर्टफर्डच्या जिल्हा अभिलेखागारात जपल्या जातात. दर वेळी तयार होणारे हे निवेदनही त्यांच्यासोबत ठेवले, आणि त्यावर त्या वेळच्या वॉर्डनांची, शाळेत मुलांना गोष्टी सांगणाऱ्यांची, फुले रचणाऱ्यांची, वाद्य वाजवणाऱ्यांची नावे लिहिली, तर पुढच्या स्मरणिकेच्या लेखकाला व्हिकरांच्या यादीवर अवलंबून राहावे लागणार नाही. सेंट मेरीच्या परिषदेने हे काम पुढच्या रिक्त जागेची वाट न पाहता आत्ताच हाती घ्यावे. मागच्या दोन-तीन वेळची निवेदने अजून कोणाच्या तरी घरच्या फायलींत सापडू शकतील.